दिंडीचं मालिशतेल

आमचं गाव परळी-अंबाजोगाई पट्ट्यात. आषाढवारीच्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेत दिंड्यांचा मुक्काम असतो. माझं मेडिकल शाळेच्या समोरच, त्यामुळे औषधांचं टेबल आपोआप माझ्याकडे येतं. पायाचे फोड, जुलाब, अंगदुखी, चष्म्याची काडी तुटलेली (तीही माझ्याकडेच आणतात). त्या संध्याकाळी मंडळातला एक पोरगा पळत आला, “काका, द्रोण गळायलेत! तेल खाली सांडायलंय!”

पोरांनी वारकऱ्यांच्या पायाला चोळायला डबाभर तेल बनवलं होतं आणि ते थर्माकोलच्या द्रोणांत वाटत होते. द्रोणाचा तळ चिकट होऊन खचत होता, भोक पडून तेल सतरंजीवर. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, ते असो. पण माझी पहिली तपासणी त्या द्रोणांनीच करून दिली. तिळाच्या किंवा मोहरीच्या तेलाने थर्माकोल असं विरघळत नाही. आत काहीतरी विद्रावक होतं, आणि चिक्कार होतं.

“काय काय घातलंत?”

यादी निघाली. मोहरीचं तेल, त्यात तळलेल्या लाल मिरच्या. विंटरग्रीनचं तेल, ज्याला बाजारात गंधपुरा म्हणतात, अख्खी बाटली. कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. आणि टरपेंटीन.

“टरपेंटीन कुठून आणलं?”

“हार्डवेअरमधून.”

इथेच घोळ होता. जुन्या मालिशतेलांत टर्पेंटाइन असायचं हे खरं, पण ते चीडाच्या डिंकातून काढलेलं. रंगाच्या दुकानात मिळतं ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे पेट्रोलियमचा पदार्थ. ते कातडीतला नैसर्गिक स्निग्धांश काढून घेतं, आणि असा उघडा पडलेला थर मग बाकीच्या तिखट मंडळींना आत जायला वाट देतो. शिवाय ते साधारण ३५ अंशांपासून पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. पोरांनी डबा चुलीशेजारीच ठेवला होता, पातळ राहावं म्हणून! आधी तो उचलून मोकळ्या पटांगणात नेला, मग पुढचं बोलणं.

कापूर, पुदिनाफूल आणि ओवाफूल एकत्र केल्यावर त्यांचं पाणी झालं याचं पोरांना फार कौतुक होतं. “रिअ‍ॅक्शन झाली काका.” रिअ‍ॅक्शन वगैरे काही नाही. तीन घन पदार्थ मिसळले की त्यांचा वितळणबिंदू खाली येतो. आपली अमृतधारा तीच. पण ते पाणी दिसलं तरी शंभर टक्के अर्क असतो, थेंबाने मोजायची चीज. यांनी ती पेल्याने ओतली होती.

तेवढ्यात एका माउलींना धरून आणलं. सत्तरीच्या असाव्यात. गुडघ्यांना तेल चोळून, वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, त्यावर गरम विटेचा शेक घेतला होता. “लई जळायलंय बाबा, पण म्हनलं जळतंय म्हंजी गुन येतोय.” गुडघा लालभडक, मधोमध पाण्याचे दोन फोड. पोरं वरून पाणी ओतायला निघाली होती. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो. कोरड्या फडक्याने तेल टिपलं, साधं खोबरेल लावून पुन्हा टिपलं, फोड सोडून बाकीचं साबणाने हलकेच धुतलं, आणि मग भरपूर गार पाणी. फोड फोडू दिले नाहीत. ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

विंटरग्रीन, मेंथॉल (म्हणजे पुदिन्याचं फूल) असलेल्या मलमावर शेक किंवा घट्ट पट्टी नको, हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं. कोणी वाचत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता. गंभीर प्रकार बहुतेक ३ टक्क्यांहून जास्त मेंथॉल आणि १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट (विंटरग्रीनच्या तेलातलं मुख्य द्रव्य) असलेल्यांचे. आमच्या डब्यातली टक्केवारी विचारूच नका.

वाटप थांबवलं आणि रांगेत एकच प्रश्न विचारत फिरलो: रक्त पातळ करायची गोळी कोणाला चालू आहे? एका बाबांनी बंडीच्या खिशातून वॉर्फरिनची पट्टी काढली. व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेलं. त्यांचे पाय अजून कोरडे होते, नशीब. विंटरग्रीन कातडीतून रक्तात जातं आणि वॉर्फरिनचा परिणाम वाढवतं. हिरड्यांतून रक्त यायला वेळ लागत नाही. विंटरग्रीनची दुसरी एक बाटली पोरांनी खिचडीच्या पातेल्याशेजारी ठेवली होती. गोड वासाची. त्यातल्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या. लेकरं तिथंच खेळत होती. बाटली कुलपात टाकली.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. डबा ढवळणाऱ्या पोराच्या बोटांवर काळे डाग होते. “गाडीचं वंगण आहे,” म्हणाला. रॉकेलने पुसून पाहिलं, जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मनगटापर्यंत सुजलेला हात घेऊन आला. खाज, बारीक पुटकुळ्या, डोळ्याखाली सूज. बिब्बा उतला होता. आज्याने शेवटी हळूच बिब्ब्याचं तेल घातलं होतं, “त्याशिवाय गुण नाही” म्हणून. धोबी कपड्यावर खूण करायचे ते हेच फळ. डाग निघेल कसा? आयुर्वेदातही ते शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक, म्हणजे बिब्बाच, आहे.

पोराला डॉक्टरांकडे धाडलं. मागोमाग आजोबा भांडायला. भेगांना आयुष्यभर बिब्बा लावलेली टाच त्यांनी काउंटरवरच ठेवली. “मला कुठं उततोय?”

त्यांचं खोटं नव्हतं. बिब्बा एकाला उततो, एकाला नाही. पण डबा शंभर पायांना लागलेला, आणि कोणाची कातडी कशी हे डब्याला थोडंच ठाऊक? उतायला एक-दोन दिवसही लागतात, म्हणजे वारकरी तोवर पुढच्या मुक्कामाला. दिंडीचालकांना फोन लावला. ते म्हणाले, दोघांच्या पोटऱ्यांवर पुरळ आलंय. खाजवू नका, साबणाने धुवा, आजच डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं.

“बरं झालं फोन केला. तुमच्या पोरांनी जाताना एक बाटली भरून दिलीय, तिचं काय करायचं?”

“कोणालाही लावू नका. झाकण घट्ट लावा, वर ‘विष’ लिहा आणि पुढच्या सरकारी दवाखान्यात द्या.”

थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, “बैलाच्या खांद्याला चालंल का?”