टिळक मास्तर आणि त्यांची विद्यार्थिनी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ओळख शाळेच्या पुस्तकांनी 'फुलांमुलांचे कवी' अशी करून दिली, आणि बहुतेकांच्या मनात ते तेवढेच राहिले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वर्गावर्गातून मीही हीच ओळख करून देत आले. पण आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत टिळक वेगळ्या वाटेने येतात. (जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो.) बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, कोणी पेटी पुढे ओढली की दोन-तीन गीतांत टिळकांचं एक तरी येतंच. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक हातात घेऊन कुठलंही पान उघडा, कवीचं नाव बघा. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी टिळकांचा एकही कवितासंग्रह पाहिलेला नसतो, पण त्यांचे अभंग मात्र तोंडपाठ असतात.

ते कवी होते, पाळक होते, संपादकही होते. मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा मराठी भाग १९१२पासून मरेपर्यंत त्यांनी सांभाळला. तरी मला ते सगळ्यांत आधी मास्तर वाटतात. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली संस्कृत शिकले, पोटासाठी गावोगाव मास्तरकी करत हिंडले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला आले, ते पुन्हा शिकवायलाच. अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, त्यांच्यासमोर बसणारे विद्यार्थी बहुतेक खेड्यापाड्यांतले, महार-मांग समाजांतून आलेले. त्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षरओळखसुद्धा नाकारली गेली होती. आणि शिकवायला उभा राहिलेला माणूस रत्नागिरीकडचा चित्पावन, संस्कृत मुखोद्गत असलेला. त्या वर्गात काय काय घडलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पुढे हेच तरुण गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरले आणि जाताना टिळकांची गीतं घेऊन गेले. छापील पुस्तक जिथे पोचलं नसतं, तिथे गीत पोचलं.

मिशनरी नगरला १८३१मध्ये आले. त्यानंतरच्या काही दशकांत उपासनेत जी गीतं गायली जात, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, चालीही तिकडच्याच. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत बसेनात, म्हणून अक्षरं ओढायची, नाहीतर गिळायची. त्यांतली काही गीतं आम्ही अजून गातो आणि मला ती प्रियही आहेत, पण गाताना मनात चित्र उमटत नाही. ख्रिस्ती कीर्तनाची वाट मात्र टिळकांच्या आधीच नगरला पडली होती, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ती पाडली. टिळकांनी त्या वाटेवर आपलं सगळं काव्य आणून ओतलं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते उघडपणे सांगत. मग अभंग सोडून ते दुसऱ्या कुठल्या रूपात गाणार? त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो. येशू बेथलेहेमात जन्मला हे आम्हाला मिशनऱ्यांनी सांगितलं. त्याला माउली म्हणून हाक मारायला टिळकांनी शिकवलं.

टिळकांनी ख्रिस्ताला ब्राह्मणी वेष चढवला, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांची काही संस्कृतप्रचुर पदं वाचताना मलाही जरा परकं वाटतं. पण अभंग ही काही ब्राह्मणांची मालमत्ता नव्हती. चोखोबांनी, सोयराबाईंनी, जनाबाईंनी, तुकोबांनी तो गायला होता. सेमिनरीतल्या त्या मुलांना अभंग टिळकांकडून शिकावा लागला नसणार; तो त्यांच्या कानावर घरातच पडत आलेला होता. तुमचं हे गाणं घेऊन चर्चमध्ये या, ते बाहेर ठेवायचं कारण नाही, एवढं मास्तरांनी त्यांना दाखवून दिलं. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबटही पुढे आमच्या संतांकडेच वळले आणि उतारवयात महिपती, तुकाराम, एकनाथ इंग्रजीत नेण्याचं काम करत राहिले.

पण मला लिहायचं आहे ते मुख्यतः टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल.

लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या, शाळा कधी पाहिलेली नव्हती. माहेरी वडिलांचं सोवळ्याचं वेड, सासरी नवऱ्याचं न सांगता घर सोडून जाण्याचं वेड. अशा संसारात टिळकांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवलं. ते रागीट होते, लहरी होते, आज उत्साहाने सुरू केलेलं उद्या विसरणारे होते. अध्यापनशास्त्राच्या परीक्षेत हा शिक्षक पास झाला नसता. तरी या विद्यार्थिनीला अक्षर लागलं, आणि अक्षराबरोबर कविताही लागली.

मग टिळक ख्रिस्ती झाले आणि दोघांची ताटातूट झाली. ही जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांकडे काढली. नंतर त्या नगरला आल्या, तरी आधी वेगळं बिऱ्हाड, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. 'स्मृतिचित्रे' या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थांबते. बायकोने आपल्यामागून यावं म्हणून आसुसलेला माणूस तिचं सोवळं सांभाळून देतो, तिला तिच्या वेळेने येऊ देतो. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंना आपला आपणच उलगडा झाला, की जाती माणसांनी केल्या, देवाने केल्या नाहीत; आणि त्या सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायला लागल्या. १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वर्गात मला एवढा धीर कधी धरता आला असता तर किती मुलं वाचली असती, असं मनात येतं.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ला आला. टिळक १९१९मध्येच गेले होते. हे पुस्तक वाचताना मला सर्वांत आश्चर्य वाटतं ते हे, की त्यात टिळकांच्या शैलीचा मागमूस नाही. टिळक भव्य लिहीत, उंच स्वरात गात. लक्ष्मीबाई ओसरीवर बसून गोष्ट सांगावी तसं लिहितात. वाक्यं आखूड, बोलीतली, आणि ऐन दुःखात हसवणारी. नवऱ्यावर जीव आहे, आदर आहे, पण त्याच्या लहरींचे वाभाडेही त्या काढतात. श्रद्धेबद्दल सांगतात ते प्रवचन न करता, घरात घडलं तसं. मराठी ख्रिस्ती लेखनात इतकं मोकळं गद्य त्यांच्याआधी मला सापडलेलं नाही. टिळकांनी त्यांना वाचायला शिकवलं, पाठीवर हात ठेवला, आणि आपल्यासारखं लिहायला लावलं नाही. त्यांच्या सगळ्या अभंगांपेक्षा मला हे मोठं वाटतं. हे माझं मत आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठांना पटत नाही, आणि त्यावर आमचा वाद बऱ्याचदा होतो.

बालकवींचं पाहा. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाचं कौतुक झालं, आणि टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणून ठेवलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, टिळकांसारखंही लिहू लागले नाहीत. त्यांची फुलं, झरे, पाखरं त्यांचीच राहिली. त्या घरात राहून गेलेलं माणूस आपला आवाज घेऊन बाहेर पडत असे.

आता 'ख्रिस्तायना'कडे येते. येशूचं सगळं चरित्र ओव्यांत सांगायचं हे टिळकांचं स्वप्न होतं. त्याआधी तीनशे वर्षं गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीतच रचलं होतं, ते १६१६मध्ये रायतूरला छापलंही गेलं होतं; पण ते रोमन लिपीत, तिकडच्या कॅथलिक मंडळींत, आमच्याकडच्या खेड्यांपासून फार लांब. टिळकांनी काम हाती घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवरच ते थांबलं. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून 'देवाचा दरबार' भरवायच्या खटपटीत पडले, आणि दोनच वर्षांत गेले.

उरलेलं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ६४ अध्याय! ज्या बाईला नवऱ्याने अक्षर गिरवून दिलं, तिने त्याचं महाकाव्य पुरं केलं. छापील ग्रंथ १९३८मध्ये आला, तोवर त्याही नव्हत्या. साधा हिशेब करा: टिळकांचे अध्याय आरंभाचे आहेत. म्हणजे गालीलच्या समुद्राकाठची शिकवण, आजाऱ्यांना बरं करणं, शेवटचं भोजन, गेथशेमाने बाग, क्रूस आणि रिकामी कबर, हे सगळं त्या ओव्यांत आलं ते लक्ष्मीबाईंच्या हातून. मराठीत एका बाईने ख्रिस्ताचं दुःखसहन सबंध ओवीत गायलं आहे, आणि आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला त्यातली एक ओळसुद्धा वाचली जात नाही. येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, सगळे पुरुष, आणि मधल्या वेळात भाषांतरित गीतं होतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे बदलावं म्हणून मी पाळकसाहेबांच्या मागे लागले आहे.

त्यांनी एवढं कबूल केलं आहे, की येत्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी 'ख्रिस्तायना'तले लक्ष्मीबाईंचे अध्याय मोठ्याने वाचायचे आणि गुड फ्रायडेच्या उपासनेत त्यातला एक उतारा घ्यायचा. ओवी घरच्या जात्यावरच्या चालीत म्हणणाऱ्या दोन आज्या आमच्या मंडळीत अजून आहेत. त्यांना मी विचारलं, तर एकीने लगेच चाल धरूनही दाखवली. माझ्याजवळची प्रत जीर्ण झाली आहे, मधली काही पानं गळली आहेत. कुणाकडे जुनी प्रत धडधाकट असेल तर झेरॉक्सपुरती द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि तशीच परत आणून देईन.