बर्फावरची कयाक

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आम्ही पाच दिवस होतो, पण त्यांतले चार आज मला नीट आठवतही नाहीत; आठवते ती एप्रिलमधली एक दुपार आणि तिच्या पाठोपाठ आलेली संध्याकाळ.

सलायडा हे आर्कन्सॉ नदीकाठचे गाव. येथील नदीतल्या शर्यतींची परंपरा १९४९ पासूनची आहे. पाणी अजून गार असते त्या दिवसांत या शर्यतींतली मंडळी आपल्या कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, गाडीच्या टपावर बांधून मोनार्क खिंडीजवळच्या स्की-उतारावर नेतात आणि त्यांत बसून बर्फावरून शर्यत लावतात. त्या उताराचा पायथाच सुमारे ३,२९० मीटरवर, म्हणजे कळसूबाई शिखराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे; चार पावले चढलो तरी धाप लागत होती. दुपारच्या उन्हाने भुसभुशीत झालेल्या बर्फावर चौघेचौघे एकदम सुटत, वळणावर एकमेकांवर आदळत आणि पुन्हा सरळ होत. गर्दी होती, पण पुढे उभे असलेले लोक आपण होऊन मुलांना वाट देत होते, हे मला फार आवडले.

संध्याकाळी आमच्या यजमानांनी खिंडीच्या वाटेवरील आपल्या घरामागे मला स्वतःच्या कयाकमध्ये बसवले. सत्तरीच्या या गृहस्थांनी हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली दोनदा ओढून पाहिला आणि बजावले, की वल्हे मारू नका, त्याचे पाते मागे सुकाणूसारखे धरा आणि कमरेने तोल द्या. मात्र दुपारी वितळलेला थर ऊन उतरताच गोठून काचेसारखा झाला होता. पाते त्यात रुतेना, नुसते करकरत राहिले. कयाकचा तळ गोलसर, त्याला स्कीसारखी धार नसते. ती आधी आडवी झाली, मग पूर्ण फिरली, आणि मी पाठमोरा खाली जाऊ लागलो. वर उभे असलेले यजमान क्षणाक्षणाला लहान होताना दिसत होते. भीती वाटली, पण ती कमरेत होती. डोळे मात्र त्या निळसर उतारावरून हटत नव्हते.

कयाक कुंपणाआधीच्या मऊ बर्फात थांबली. यजमान घाईने खाली आले, दोरी खांद्यावर घेतली आणि मला हात लावू न देता ती वर ओढून नेली, तीही तीन वेळा. अशा आतिथ्याचे मोल मला करता येत नाही. खिंडीपलीकडचा बर्फ वितळून गनिसन नदीला मिळतो, इकडचा आर्कन्सॉला, असे सांगून ते म्हणाले, “जूनमध्ये या, हाच बर्फ तुम्हाला खाली नदीत भेटेल.”

मी जाणार आहे.