गुलाल, लाल माती आणि पाऊस: कोल्हापुरात वापरायला खिशातला कॅमेरा

खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स चालू केली की नळीसारखी बाहेर येते आणि बंद केली की आत जाते. ही नळी लोहाराच्या भात्यासारखी चालते. बाहेर येताना हवा आत ओढते आणि हवेत जे काही असेल तेही. कोल्हापुरात ते जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल असू शकतं, तालमीतली माती असू शकते, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख असू शकते. गुलालाचा कण सेन्सरवर (लेन्समागची उजेड टिपणारी चकती) बसला तर प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग दिसतो. तो दातेरी चाकांत गेला तर लेन्स अर्ध्यात अडकते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येतं. या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नसल्यामुळे एक ठिपका पुसायलाही अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून आपल्याकडे कॅमेरा घेताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नाही. हा कॅमेरा नेमका कुठे बाहेर काढणार, हा आहे.

त्यानंतर सेन्सर. खोक्यावर लिहिलेला '१ इंच' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावं पडली आणि तशीच राहिली. स्वस्त, लांब झूमवाल्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंचाचा सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर १ इंची सेन्सर त्याच्या चौपट भरतो आणि एपीएस-सी (महागड्या कॅमेऱ्यांतला मोठा) सेन्सर १ इंचीच्या तिपटीहून थोडा जास्त. क्षेत्रफळ चौपट म्हणजे कमी उजेडात दोन स्टॉपचा फायदा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्रात दाणे येतात. १/२.३ इंचीवर आयएसओ ८०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे १ इंचीवर साधारण ३२०० ला दिसतील.

यावरून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हातात बऱ्यापैकी फोन असेल तर १/२.३ इंची सेन्सरचा साधा कॅमेरा घेऊन संध्याकाळचे फोटो सुधारणार नाहीत. फोनचा सेन्सर तेवढा किंवा त्याहून मोठा असतो, शिवाय तो पाच-सात फ्रेम जोडून एक चित्र बनवतो. या वर्गातून घ्यावं ते दोन कारणांसाठीच. एक म्हणजे लांबचा झूम. पॅनासॉनिकच्या टीझेड९९ मध्ये २४ ते ७२० मिमी मिळतो (हे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशोबातलं माप, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), रंकाळ्यावरच्या पक्ष्यांना तो पुरतो. पण लांबच्या टोकाला लेन्सचं छिद्र एफ/६.४ पर्यंत आखडतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि उजेड कमी), तेव्हा सकाळचं स्वच्छ ऊन हवंच. दुसरं कारण म्हणजे सीलबंद अंग. ओएम सिस्टीमच्या टफ टीजी-७ ची लेन्स अजिबात बाहेर येत नाही, झूम आतल्या आत होतो आणि कॅमेरा १५ मीटर पाण्यात चालतो. जोतिबाच्या गुलालात न्यायला याच्याइतका बिनधास्त दुसरा कॅमेरा नाही. घरी आल्यावर झाकणं बंद असतानाच नळाखाली धुवा, पूर्ण वाळवा, मगच बॅटरीचं झाकण उघडा. झाकणाच्या रबरावर गुलालाचा एक कण किंवा केस राहिला तर पुढच्या वेळी पाणी तिथूनच शिरतं.

रोजच्या वापरासाठी माझं मत १ इंची झूम किंवा एपीएस-सीची स्थिर (झूम नसलेली) लेन्स, या दोघांपैकी एकाला जातं.

१ इंचीत दोन नावं सतत समोर येतात, दोन्ही २०१९ ची. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ७. वजन दोघांचं ३०० ग्रॅमच्या आसपास. कॅननचा झूम २४-१०० मिमी, छिद्र एफ/१.८ ते २.८. सोनीचा २४-२०० मिमी, छिद्र एफ/२.८ ते ४.५. दुकानात २०० हा आकडा मोठा वाटतो, पण मोजायचं असतं ते लांबच्या टोकाचं छिद्र. तालमीत ट्यूबलाइटखाली कुस्ती चालली आहे, शटर १/२५० सेकंद ठेवलंय आणि एफ/२.८ ला आयएसओ ३२०० लागतोय असं धरा. तोच उजेड, तेच शटर, पण छिद्र एफ/४.५ असेल तर आयएसओ ८००० च्या घरात जातो. १ इंची सेन्सरवर तिथे पैलवानाच्या अंगावरची माती आणि दाणे वेगळे ओळखू येत नाहीत. सोनीत छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि फोकस फार चपळ आहे. उन्हातल्या मिरवणुकीसाठी तो सरस. घरात, दुकानात, तालमीत कॅनन. त्यात व्ह्यूफाइंडर नाही, तेव्हा एप्रिलच्या दुपारी पडदा नीट दिसत नाही, हे धरून चाला. आणखी एक, कॅननची बॅटरी यूएसबीवरून भरायला पॉवर डिलिव्हरीवाला चार्जर लागतो, जुना साधा चार्जर लावला तर भरणार नाही. सोनीला मायक्रो यूएसबीची जुनी केबल.

स्थिर लेन्सवाल्यांत रिकोचा जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅम, २८ मिमी एफ/२.८. त्याचा भाऊ जीआर ३एक्स ४० मिमीचा. २०२५ मध्ये जीआर ४ आला, त्यात ५३ जीबी अंतर्गत मेमरी आहे आणि कार्ड मायक्रोएसडी लागतं. चित्राचा दर्जा या आकारात अजोड, पण धुळीचा भाता याच्यातही आहे आणि सेन्सरवर डाग येण्याबद्दल जीआर मालिका ओळखली जाते. कंपनीच्या मोजमापात जीआर ३ ची बॅटरी २०० फोटो चालते, तेव्हा दुसरी बॅटरी खरेदीतच धरा. फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स २०२४ चा, ४० मेगापिक्सेल, ३५ मिमी एफ/२, वजन ५२१ ग्रॅम, किंमत लाखाच्या वर. तो शर्टाच्या खिशात मावत नाही. पण लेन्स नळीसारखी बाहेर येत नाही, आणि पुढे जोडरिंग लावून ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर बसवला की धूळ आणि रिमझिम सोसतो. फिल्टर नसेल तर ते सीलिंग अपुरं आहे, हे बऱ्याच जणांना घेतल्यानंतर कळतं.

२८, ३५ की ४०? हे पैसे भरण्याआधी फोनवर ठरवता येतं. उभा माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत आडव्या नव्हे, उभ्या फ्रेममध्ये घ्यायचा तर २८ मिमीला सुमारे दीड मीटरवर, ३५ ला पावणेदोन-दोन मीटरवर आणि ४० ला दोन मीटरच्या थोडं पुढे उभं राहावं लागतं. गुजरीत किंवा चप्पल लाईनमध्ये गर्दीच्या वेळी मागे सरकायला जागा नसते, तिथे २८ च कामाला येतो. पंचगंगेच्या घाटावर ४० ची शांत चौकट जास्त जमते. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिमी असते. झूम १.२ वर ठेवून एक आठवडा आणि १.७ वर ठेवून दुसरा आठवडा फोटो काढा. कुठल्या आठवड्यात पाय कमी अडखळले, त्यावरून लेन्स ठरवा.

ऑनलाइन पाच-आठ हजारांत '४८ मेगापिक्सेल, ४के, १६एक्स झूम' असे अनोळखी कंपनीचे कॅमेरे दिसतात. घेऊ नका. आत छोटा सेन्सर असतो, आकडा फुगवलेला असतो, झूम डिजिटल असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे लेन्सच्या कडेवरची छपाई. खऱ्या झूमवर '८.८-३६.८ मिमी १:१.८-२.८' अशी दोन फोकल लेंग्थ आणि दोन छिद्रं छापलेली असतात (हे लेन्सचं खरं माप, वर दिलेलं कॅननचं २४-१०० नव्हे). एकच आकडा छापलेला असेल आणि जाहिरातीत झूम असेल, तर तो झूम म्हणजे फक्त कापलेलं चित्र.

सेकंडहँड घेताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. कॅमेरा सलग दहा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका. घरघर सारखी असली तर ठीक. मध्येच करकर आली किंवा नळी क्षणभर थबकली तर आत माती आहे, सौदा सोडा. मग छिद्र सगळ्यात लहान करा, १ इंचीत एफ/११, जीआरमध्ये एफ/१६. फोकस मुद्दाम चुकवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्याने बघा. काळे धूसर ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. नंतर छिद्र पूर्ण उघडून भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा समोरून, सरळ फोटो घ्या. तीन कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यातली नाही, तर कॅमेरा पडलेला आहे आणि लेन्स कललेली आहे. शेवटी लेन्सवर मोबाइलची टॉर्च तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी.

नवा घेताना जीएसटी बिल आणि बिलावर छापलेला सिरीयल नंबर, कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवून. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या बाहेरच्या मालाला भारतातली वॉरंटी नसते.

सेटिंग फार नाहीत. ऑटो आयएसओची वरची मर्यादा १ इंचीत ३२००, एपीएस-सीत ६४००. किमान शटर १/१२५, नाहीतर कॅमेरा स्वतःहून १/३० निवडतो आणि चालणारी माणसं पुसट येतात. गुलाल आणि लाल माती असेल तर एक्स्पोजर -०.७ ठेवा, कारण लाल रंग आधी फुटतो आणि मग गुलालाचा पोतच उरत नाही, नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो. महाद्वार रोडच्या एलईडी दिव्यांत सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने आडवे पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तिथे यांत्रिक शटर लावा आणि १/१२५ सोडून १/१०० किंवा १/५० वर राहा. २८ मिमीच्या जीआरमध्ये स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) अडीच मीटर आणि एफ/८ ठेवलं की सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं, गर्दीत फोकसची वाट बघावी लागत नाही.

बुरशीसाठी जून ते सप्टेंबर हा काळ सांभाळायचा. गगनबावडा, राधानगरीकडे तर भिंतींनाच ओल असते. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, १०० ग्रॅम केशरी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग उतरला की जाड तव्यावर मंद आचेवर हलवत, रंग परतेपर्यंत तापवा आणि गार झाल्यावरच डब्यात टाका. कोल्हापुरी कारागिराकडून चामड्याचा मनगटी पट्टा जरूर करून घ्या, तो वर्षानुवर्षं टिकतो. पण पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाऊ घालतं. पट्टाही डब्याबाहेर, खुंटीला.