कटिंग चहात धरत नाहीत

सोमवारी सकाळी मी आरोग्य सुधारायला घेतलं आणि त्याच दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. दोन्ही कानशिलांवरून कुणीतरी पट्टा आवळत न्यावा आणि आता पुरे असं म्हणूच नये, अशातलं दुखणं. गेली पंचवीस वर्षं फोर्टातल्या ऑफिसात बसून मी वडे, समोसे, ब्रेड-पकोडे खात आलो, कधी कपाळाला हात लावायची वेळ आली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा डब्यात भिजवलेले मूग नेले, तर हे.

सुरुवात झाली ती ऑफिसच्या वार्षिक तपासणीपासून. एचबीएवनसी नावाची एक चाचणी असते, ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. त्यामुळे आदल्या रात्री गोड टाळून काही उपयोग नसतो, चहाडी आधीच झालेली असते. माझा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंबरठा म्हटलं की मला माप ओलांडून येणारी नवी सूनच दिसते. ती काही आत डोकावून परत जायला आलेली नसते.

रविवारी भाची घरी आली होती. ती जिमला जाते, आणि जिमला जाणाऱ्या माणसाच्या हाती आपला रिपोर्ट कधी पडू देऊ नये. तिने आमच्या भांडुपच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या निकाल दिला. "मामा, साखर बंद. चहा बंद. भात, पाव बंद. पोळ्या तीनच्या एक. पापड, लोणचं, फरसाण बंद, मीठ निम्मं." हळूहळू करू का, असं मी विचारलं. "हळूहळू काही होत नसतं," ती म्हणाली आणि यादी फ्रिजवर चिकटवली. लोहचुंबक कलिंगडाच्या फोडीचा होता. कलिंगड यादीत होतं की नव्हतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डोकं दुखायला लागल्यावर प्रत्येकाने आपापलं निदान दिलं. बायको म्हणाली, "अहो, पित्त झालंय. रिकाम्या पोटी हिंडलात की व्हायचंच." आईने मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या, कारण मी बारीक व्हायला लागलो हे शेजारणीला कळलं होतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं आणि आपल्या चष्मेवाल्याचा पत्ताही दिला. सगळ्यांत आनंद झाला तो भाचीला. "अरे वा मामा! विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. चांगली खूण आहे."

हे विषाचं मला काही पटेना. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम रोजच करतात, आपण मूग खाल्ले म्हणून त्यांना ओव्हरटाइम लागत नाही. आणि विष असलंच, तर ते नेमकं माझ्या कपाळातून बाहेर पडायचं काय कारण?

मंगळवार तर विचारू नका. ऑक्टोबरातली दुपार, पंख्याखाली बसून घाम. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो तर डोकं खालीच राहिलं आणि मी वर आलो असं वाटलं. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी पकडण्याआधी औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी घेतली, तिथेच पाण्याच्या बाटलीबरोबर गिळली आणि फास्ट गाडीत शिरलो. कुर्ला येईतो पट्टा सैल झाला होता. घाटकोपरला तर चक्क बरं वाटलं, एक प्रकारची तरतरी, ओळखीची. मला वाटलं, बघा, शेवटी सवय झाली.

घरी आल्यावर चष्मा लावून पाकीट उलटं करून बघितलं. मागच्या चंदेरी कागदावर मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. त्याखाली, कॅफीन ५० मिलिग्रॅम. म्हणजे दोन दिवस ज्याला पुढच्या दारातून हाकलत होतो, तो पाहुणा मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसला होता.

गुरुवारी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "चहा किती घेता?"

"सोडला."

"कधी?"

"सोमवारी."

ते खुर्चीत मागे रेलले. "त्याआधी किती घेत होतात?"

"दोन."

मुंबईत चहा किती घेता याला दोन हेच उत्तर असतं. ते खोटं नसतं, कारण कटिंग चहात धरत नाहीत. कटिंग ही बोलायची सोय आहे. कुणी भेटला, काम अडलं, काम झालं, साहेबाने बोलावलं, साहेबाने बोलावलंच नाही, अशा प्रसंगी हातात धरायची ती वस्तू. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि बोटं मोडायला लावली. उठल्यावर कपभर. आंघोळीनंतर अर्धा, कारण बायको स्वतःसाठी करते आणि तिला एकटीला पिववत नाही. स्टेशनबाहेर कटिंग, गाडी लेट असेल तर. (गाडी लेट असतेच.) ऑफिसात पोचल्यावर कागदी पेल्यातला एक. अकराला खाली टपरीवर. जेवल्यावर. चारला. मग घरी आल्यावर कपभर. कपभर चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन धरलं, तरी माझा हिशेब दिवसाला दोनशेच्या वर गेला. त्यात टपरीवरचा चहा दिवसभर उकळतच असतो, तो किती धरायचा? डॉक्टर म्हणाले, रोज १०० मिलिग्रॅमची सवय असली तरी एकदम तोडल्यावर डोकं दुखू शकतं. शेवटच्या घोटानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत टोक गाठतं आणि कधी कधी नऊ दिवसांपर्यंत रेंगाळतं.

रविवारचा शेवटचा चहा मी संध्याकाळी सातला घेतला होता. पावणेचारपर्यंत पावणेएकवीस तास. इतकं वक्तशीर मुंबईत दुसरं काही पाहिलेलं नाही.

पुढे त्यांनी जे समजावलं ते मी घरी येईपर्यंत माझ्या पद्धतीने लावून घेतलं. दिवसभर मेंदू काम करतो तसं त्यात ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. त्याच्या ठरावीक जागा असतात. तिथे ते जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते, थकवा वाटतो. कॅफीनची ठेवण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती, की ते त्याच जागांवर जाऊन बसतं आणि नुसतंच बसतं, काम काही करत नाही. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, तोच प्रकार. ॲडेनोसिन बिचारं दारात लटकतंय आणि आपण म्हणतो, काय फ्रेश वाटतंय! पण मेंदू काही रेल्वे नाही. गर्दी तुंबलेली दिसली की तो निविदा न काढता नव्या जागा करतो, बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची होते. मग तेवढी अडवायला आणखी रुमाल लागतात, म्हणून चारच्या कटिंगला जोड मिळते. असं पंचवीस वर्षं चालतं. आणि एका सोमवारी एकही रुमाल येत नाही. पंधराच्या पंधरा डबे मोकळे, फलाटावरची सगळी गर्दी एकदम आत. शिवाय कॅफीनने डोक्यातल्या रक्तवाहिन्या जरा आवळून धरलेल्या असतात. तो हात सुटला की त्या फुगतात. माझ्या कानशिलावरचा पट्टा म्हणजे आवळणं नव्हतंच, उलट सगळं सैल सुटलं होतं.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता, ती मी शेवटी काढली. गुरुवारी सकाळी वजनकाट्यावर दीड किलो कमी भरलं होतं. तीन दिवसांत दीड किलो!

"पाणी," डॉक्टर म्हणाले.

भात-पोळीतली साखर शरीर ग्लायकोजेन करून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात तोडला की साठा उपसला जातो आणि पाणी सुटतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात, मिठामागून आणखी पाणी. वरून मी मीठ निम्मं केलेलं, आणि ऑक्टोबरात लोकलमध्ये उभ्याने घाम गाळलेला. "तुमचं दीड किलो गटारात गेलं," ते म्हणाले. माझी कोकणातली आजी सकाळी उकड्या तांदळाची पेज प्यायची, वर मिठाचा खडा आणि लोणच्याची फोड. पाणी, मीठ, तांदूळ, सगळं एका वाडग्यात. फ्रिजवरच्या यादीप्रमाणे त्या वाडग्यातलं फक्त पाणी चाललं असतं, आणि मी नेमकं तेच पुरेसं पीत नव्हतो.

मग आठवली ती हरतालिका. आई तरुण होती तेव्हा निर्जळी करायची. दिवेलागणीला तिचं डोकं धरायचं. ओढणीची जुनी पट्टी कपाळाला करकचून बांधून ती जागरणाला बसायची. दुसऱ्या दिवशी गणपती, पहाटेपासून मोदकांची उकड. आम्ही पोरं म्हणायचो, उपासाने आईचं डोकं दुखतं. पण आषाढीला, महाशिवरात्रीला तिचं डोकं कधी दुखलं नाही. त्या दिवशी चहा चालायचा. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की ती एका हाताने पट्टीची गाठ सोडायची, दुसऱ्या हातात बशी तशीच. एवढं लख्ख डोळ्यांसमोर घडायचं, पण श्रेय सगळं पारण्याला.

आपल्या उपासाला चहा चालतो, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलंय. कारण बहुधा एवढंच असावं, की नियम ठरले तेव्हा चहा आपल्याकडे आलेलाच नव्हता, मग त्याला बंदी कोण घालणार? तसे उपासाचे बटाटे, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. धान्याला बंदी आणि परदेशी पाहुण्यांना मोकळं रान. त्याचा एक फायदा मात्र झाला. पिढ्यान् पिढ्या एकादश्या बिनडोकेदुखीच्या पार पडल्या.

ऑफिसातले एक निवृत्त सहकारी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, आहेत. मशीद बंदर स्टेशन ज्या 'मशिदी'वरून ओळखलं जातं, ते १७९६ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांचं. बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. रोज त्या स्टेशनावरून जाणाऱ्या माझ्यासारख्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे. त्यांना फोनवर माझी कहाणी सांगितली तर हसत सुटले. योम किपूर या उपासाच्या दिवशी त्यांच्यात साधारण पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही, चहा तर नाहीच. त्या उपासाच्या डोकेदुखीवर १९९५ साली न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात लेखच आला होता. तिच्यात नुसत्या उपाशीपणाचा वाटा किती आणि चहा-कॉफीचा किती, ते वैद्य बघून घेतील. आमचे सहकारी मात्र वाट बघत बसत नाहीत. "अरे, आम्ही आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करतो," ते म्हणाले. "तू डायरेक्ट गाडीतून उडी मारलीस."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, फक्त उडीशिवाय. तीन-चार दिवसांनी एक कटिंग कमी करा. पाणी प्या. मूग खायचेच असतील तर वेळेवर खा, उपाशी राहिल्यानेही डोकं दुखतं. गोळ्या रोज घेऊ नका, त्याचीही सवय लागते. आणि एकदम फाडकन, कधी झालं नाही असं दुखलं, उलटी-ताप आला, बोलणं अडखळलं, तर माझ्याकडे नंबर लावू नका, थेट हॉस्पिटल गाठा. दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाले, "रिपोर्टवर गोड कमी करा असं लिहिलंय. चहाचं नाव कुठे आहे?"

नव्हतंच. बिनसाखरेचा चहा ही शक्यता आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आली असती तरी कुणी बोललं नसतं, फिका चहा म्हणजे आमच्याकडे तापातल्या माणसाला देतात.

शुक्रवारी अकराला मी खाली टपरीवर गेलो. चार दिवसांनी. भय्याने सवयीने काचेचा ग्लास भरून पुढे केला. "क्या साब, गाव गये थे क्या?"

"नहीं, इधरही था," मी म्हणालो आणि जरा आवाज खाली करून विचारलं, "फिका मिलेगा?"

त्याने स्टोव्हवरच्या मोठ्या पातेल्याकडे पाहिलंही नाही. खाली वाकून लाकडी फळीमागून झाकण लावलेलं छोटं पातेलं काढलं आणि कटिंग ओतला. "तुम्हारे माले का सब लोग येही पीता है साब," तो म्हणाला. "तीन-चार साल से."

शेजारी उभ्या असलेल्या माणसाने ग्लास तोंडाला लावून दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मला चष्मेवाल्याचा पत्ता देणारा तो हाच.