तिसरी-चौथीचं पहिलं सत्र : खोली एक, वर्ग दोन, विषय सगळे

आमची जावळी तालुक्यातली वाडीवरची शाळा द्विशिक्षकी आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, आणि आमचा पट तर त्याच्या निम्म्याच्याही खाली, म्हणून पहिली-दुसरी सरांकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं, एकाच खोलीत, दोन भिंतींना दोन फळे. हे 2024-25 चं सांगतेय, तेव्हा सगळे विषय एकाच पुस्तकात आणि पुस्तकाचे चार भाग अशी पद्धत होती, मधे वहीची कोरी पानं. दप्तर हलकं झालं हे खरं, पण कोऱ्या पानांवर अभ्यासापेक्षा ट्रॅक्टर जास्त निघाले.

जूनमध्ये सत्र नियोजन करायला बसले की पहिला प्रश्न हाच असतो की एकीकडं तिसरीला तीन अंकी संख्या शिकवायच्या तेव्हा चौथीनं काय करायचं. ठरलेलं उत्तर म्हणजे एका वर्गाला प्रत्यक्ष अध्यापन, दुसऱ्याला स्वयंअध्ययन. कागदावर छान दिसतं हो, पण स्वयंअध्ययन म्हणजे बऱ्याचदा फळ्यावरचं उतरवून घेणं आणि शेजारच्याला पेन्सिल टोचणं. म्हणून मी धड्यांचा क्रम सोडला आणि दोन्ही वर्गांना एकाच वेळी काय चालेल ते शोधत बसले. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला महिने आखले, तिसरी निळ्या पेननं, चौथी लाल.

चौथीच्या परिसर अभ्यासात सुरुवातीलाच प्राण्यांचा जीवनक्रम आहे, अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. पावसाळ्यात शाळेच्या कढीपत्त्यावर अळ्या असतातच. लहान असते तेव्हा ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, मग कात टाकत टाकत हिरवीगार होते आणि हात लावला की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, वास असा की पोरं नाक धरून पळतात. बरणीवर जाळी बांधली, रोज पाला घालायचं काम तिसरीकडं. चौथी तारीख टाकून नोंद लिहायची, तेच मराठीचं लेखन झालं. इंग्रजीत एग, लीफ, ग्रीन, बिग, स्मॉल एवढे शब्द आणि रोज एक वाक्य. बस. इंग्रजीचं मी फार ओझं घेत नाही, बोलायला लागली पाहिजेत इतकंच.

सप्टेंबरात तिसरीला पाव, अर्धा, पाऊण आणि चौथीला अपूर्णांक हे जोडून घेतलं. पुस्तकात गोलाच्या चकत्या आहेत, आमच्याकडं प्रत्येक घरात डेअरीची पावती आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. एका मुलीच्या पावतीवर 4.5 लिटर होतं, तिसरीतला तिचा भाऊ पटकन म्हणला, "बाई, चार आन अर्धं." चौथीनं मग अर्ध्या लिटरचे किती, पाव लिटरचे किती मग्गे होतील ते काढलं. दशांश काही चौथीला शिकवायचा नसतो, पण पोराला घरातला हिशोब वाचता येत असेल तर मी कशाला अडवू?

हे सगळं केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना दाखवलं तर ते म्हणले, "कल्पना चांगली आहे मॅडम, पण नियोजन नमुन्यातच पाहिजे." म्हणजे महिना, घटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती (शिकून मुलाला काय यायला हवं ते) असे रकाने. मग दोन नियोजनं, एक फाईलला, एक भिंतीला. भिंतीवरचं पालकांसाठीही होतं. जुलैच्या पालक सभेत मी धड्यांची नावं वाचलीच नाहीत, दिवाळीपर्यंत पोरगं काय करून दाखवेल ते सांगितलं. हातच्याची वजाबाकी करेल, जिल्ह्याच्या नकाशात आपला तालुका दाखवेल, अनोळखी माणसाला गावाचा रस्ता सांगेल, असं. मागं बसलेले एक आजोबा म्हणले, "ते ठीक हाय बाई, पन पुस्तक कधी संपनार?" तो प्रश्न दरवर्षी येतो.

खरी मजा ऑक्टोबरची. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यावरचं असतं, आमचं साताऱ्याचं. अकरा तालुके, कृष्णा, कोयना, वेण्णा, एकीकडं महाबळेश्वरचा पाऊस आणि त्याच नकाशात माण-खटावचा दुष्काळ. आणि चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास. 1656 ला महाराजांनी जावळी घेतली, त्याच सुमारास प्रतापगड बांधला, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखानाची भेट त्याच गडाच्या पायथ्याला. म्हणजे तिसरीच्या नकाशातला ठिपका आणि चौथीच्या धड्यातला गड एकच! म्हणून तो धडा मी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर ठेवला, कारण तेव्हा पोरं तशीही किल्ला करणारच असतात.

किल्ला शाळेच्या अंगणातच केला. लाल माती, दगड, गोणपाट, वर मोहरी पेरलेली. चौथीनं लांबी-रुंदी टेपनं मोजून परिमिती काढली, तिसरीनं वितीनं मोजून वाद घातला, कारण प्रत्येकाची वीत वेगळी, मग मीटर कशाला लागतो ते वेगळं शिकवायला लागलं नाही. उत्तर दिशा कुठली यावरनं भांडण झालं, सकाळी परिपाठाला उगवतीकडं तोंड करून उभं केलं तेव्हा मिटलं. सरांची पहिली-दुसरी मावळे आणायच्या कामावर. शेवटी एकेकानं आलेल्या पालकांना किल्ल्याची माहिती सांगायची, त्याची मी आकारिकमध्ये, म्हणजे सत्रभर रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, उपक्रम आणि प्रकल्प अशी तिन्हीकडं नोंद घेतली.

तिसरी-चौथीला आकारिक 60 टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, 40, त्यामुळं हे सगळं मार्कांतही येतं. फक्त नोंदी त्याच दिवशी करायच्या, नंतर आठवत नाही, आणि त्यात ग्रुपवर "माहिती आजच भरा" आलं की सगळं लांबतं. ऑक्टोबरच्या संकलित 1 च्या छापील पेपरांत मराठी आणि गणित बऱ्यापैकी गेलं, इंग्रजी वाचन चौथीतल्या तिघांना तेव्हाही जड होतं, त्यांना परिपाठाआधी वीस मिनिटं घ्यायला लागले. चौथीचे कोन पहिल्या सत्रात झालेच नाहीत, ते जानेवारीत संक्रांतीच्या पतंगांबरोबर टाकले.