आधी शिक्का, मग अक्षरं

जुन्या तिकिटांची पारख करून देणं हे माझं काम. त्या दिवशी एक बाई त्यांच्या वडिलांचा अल्बम घेऊन आल्या. सगळा संग्रह खगोलाचा. पहिली पानं मी भराभर उलटली, पण मेक्सिकोच्या १९४२च्या संचापाशी थांबलोच. तोनान्त्सिन्तला वेधशाळेच्या उद्घाटनाची ही तिकिटं. त्यांवर ना पुढारी, ना इमारत. थेट अश्वशीर्ष तेजोमेघ, सूर्यग्रहण, सर्पिल दीर्घिका! किती वेळा पाहिली तरी माझं मन भरत नाही.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "बाबांचा खरा ऐवज पुढे आहे."

ऐवज म्हणजे सोव्हिएत रशियाचं त्सिओल्कोव्स्कींचं ४० कोपेकचं तिकीट. अंतराळ प्रवासाचं गणित मांडणाऱ्या या माणसाची जन्मशताब्दी १९५७ची, तिकीट निघालं ऑक्टोबरात. त्याच महिन्याच्या ४ तारखेला स्पुत्निक उडाला. मग नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच तिकिटावर उड्डाणाची तारीख आणि 'जगातला पहिला कृत्रिम उपग्रह' अशा अर्थाचा रशियन मजकूर काळ्या शाईत छापून ते पुन्हा काढलं. साधं तिकीट सहज मिळतं, ओव्हरप्रिंटवाल्याला भाव येतो. त्यामुळे साध्यावरच अक्षरं छापून गळ्यात मारणारे निघाले.

तिकिटाखाली पेन्सिलीची बारीक ओळ होती: 'आकाशात सरकताना दिसला. आईला हाक मारून दाखवला.'

चिमट्याने उचलून तिकीट भिंगाखाली धरलं. कागद ठीक, दाते ठीक, अक्षरांची घडणही बरी. मग कोपऱ्यातल्या टपालाच्या शिक्क्याकडे वळलो. टपालात शिक्का सगळ्यात शेवटी बसतो, म्हणजे त्याची कड अक्षरांवरून जायला हवी. इथे ती अक्षरांखाली गडप होत होती. दिवा तिरपा केला. शिक्क्याची शाई करडी, कागदात मुरलेली. अक्षरांची दाट, तिच्यावर चढलेली. तरी खात्रीसाठी तारीख लावून पाहिली: ३० १० ५७. ओव्हरप्रिंट निघायच्या जवळपास महिनाभर आधीची.

असं सांगायची वेळ आली की मला त्या विकणाऱ्याचा मनापासून राग येतो. पण आडवळणाने सांगणं मला पटत नाही. भिंग त्यांच्या हातात दिलं आणि कड कुठे बुडते ते दाखवलं.

बराच वेळ त्या वाकून पाहत राहिल्या. "म्हणजे बाबा फसले."

"अक्षरांत फसले. तिकीट अस्सल आहे, शिक्काही अस्सल आहे."

"आणि ते आकाशातलं?"

स्पुत्निकचा गोळा जेमतेम ५८ सेंटिमीटरचा. नुसत्या डोळ्यांनी लोकांना दिसलं ते बहुतेक वेळा त्याच्याबरोबर कक्षेत गेलेलं रॉकेट. तेही सांगितलं. "पण ते खरोखरच तिथे फिरत होतं," मी म्हणालो, "त्यांनी पाहिलं ते पाहिलंच."

तिकीट काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनी माझ्याकडची पेन्सिल घेतली आणि वडिलांच्या ओळीखाली, तितक्याच बारीक अक्षरात लिहिलं: 'ओव्हरप्रिंट बनावट. शिक्का ३०-१०-५७, खरा.'