तुम्ही विचारलंत म्हणून: तारापूरला राहून काही झालं नाही?

तर्री-पोहे संपत आले, चहा यायचा आहे, की समोरचा हमखास आवाज खाली आणतो. "साहेब, एवढी वर्षं तारापूरले काढली, तुमाले काही झालं नाही का?" नजर माझ्या टकलावर. टक्कल वडिलांचंही होतं, आणि त्यांनी सारा जन्म नागपुरात, महाल भागात काढला.

तर नाही, काही झालं नाही. सव्वीस वर्षं तारापूरच्या अणुवीज केंद्रात, छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, लावून अणुभट्टीवर काम केलं. आम्हाला किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (तो मोजायचं हे एकक). माती, दगड, आकाश यांच्याकडून माणसाला फुकटात मिळतात तेच जगाच्या सरासरीने २.४ च्या आसपास. माझा आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिला. हे सांगितलं की लोक मान हलवतात, पण आजाऱ्याने "बरा आहे" म्हटल्यावर हलवतात तशी.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात झाला त्या वर्षी, २०११ मध्ये, सुट्टीवर आलो होतो. एका शाळेत व्याख्यान ठेवलं. मी ठणकावून सांगितलं की भूकंप होताच तिथल्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. खोटं नव्हतं. पुढचं मात्र गिळलं. भट्टी बंद झाली तरी इंधन तापतच राहतं, सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के. आणि ती उष्णता काढणाऱ्या पंपांना वीज देणारे डिझेल जनरेटर त्सुनामीने बुडवले होते. मुलं घाबरतील, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. मास्तर घाबरतील आणि मला उलटे प्रश्न विचारतील, हे जास्त खरं.

पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. मुलगी बोईसरजवळच्या आमच्या वसाहतीत वाढली. निवृत्तीनंतर नागपुरात आलो आणि तिला एक स्थळ आलं. मुलाचे वडील कोळशाच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, घरही त्याच बाजूला. बोलणी छान चालली होती. मग मुलाच्या आईने आमच्या हिला आत बोलावलं. "वहिनी, पोरीचं सारं बराबर आहे ना? नाही म्हणजे, तिकडचं हवापाणी..."

मी बाहेर गॅलरीत होतो. कठड्यावरून बोट फिरवलं तर राखेची रेघ उमटली. आपल्या कोळशात शंभर किलोला तीस-चाळीस किलो राख, आणि त्या राखेत युरेनियम-थोरियमचा अंश असतोच! हे सगळं मी तावातावाने बोललो, पण परतताना, मानकापूरच्या सिग्नलवर, बायकोपुढे. ती गप्प होती. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी मी मुलीला धंतोलीत नेलं आणि थायरॉइडची तपासणी करवली. कोणाला सांगितलं नाही. चेर्नोबिलनंतर मुलांच्या थायरॉइडला बाधा झाली ती अपघातात बाहेर पडलेल्या किरणोत्सारी आयोडीनमुळे. आमच्याकडे तसलं काही घडलेलं नव्हतं. हे मलाच कळत नसेल तर कोणाला कळणार? तरी गेलो.

रिपोर्ट चांगला आला. स्कूटर स्टँडवरून काढताना ती म्हणाली, "बाबा, तुमचा तुमच्या आकड्यांवर विश्वास आहे ना? मग मला कशाला आणलंत?"

मी म्हटलं, "सहज." तिने हेल्मेट घातलं.

अणुवीज हवी, असंच मी आजही म्हणतो. वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळायचं काय, असं कोणी विचारलं की पूर्वी चिडायचो; आता नुसता थांबतो. आणि त्या सोमवारी मी आकड्यांवरचा विश्वास हरलो, की बाप म्हणून फक्त भ्यालो, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

मुलीचं लग्न पुढे पुण्यात झालं. जावयाने हा प्रश्न अजून विचारलेला नाही. विचारला तर बॅजचा आकडा सांगेन की धंतोलीची गोष्ट, ते ठरवलेलं नाही.